नवा टीव्ही, जुनी वायर

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेले टीव्हीविषयीचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. सारखे प्रश्न एकात मिसळले आहेत. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मोठा टीव्ही घेण्याचा विचार त्यानंतर बऱ्याच घरांत झालेला पत्रांवरून दिसतो. टीव्ही नवा आला तरी त्याच्या मागची वायर, छत्री आणि बॉक्स मात्र जुनेच राहिलेले आहेत.

पाटणहून एक वाचक: आमच्याकडे फ्री डिश आहे. दिवाळीत ४३ इंची टीव्ही घेतला. उन्हात चित्र ठीक असतं, पण पावसाची जोराची सर आली की चौकोन चौकोन होतात आणि मग ‘नो सिग्नल’. दुकानदार म्हणतो बॉक्स बदला, छत्री बसवणारा म्हणतो एलएनबी (थाळीसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) बदला. नक्की काय बदलायचं?

उत्तर: आधी काहीच बदलू नका. १० आणि १३ नंबरचा पाना घेऊन गच्चीवर जा. उन्हात चालणारी आणि पावसात बंद पडणारी छत्री बहुतेक वेळा थोडी हललेली असते.

फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. तुमच्या भागातून हिशोब केला तर छत्रीचा रोख उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने साधारण १३० अंश, म्हणजे जवळपास आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ६० अंश वर असा येतो. सांगली-मिरजेकडेही आकडा फार तर अंशाने बदलेल. छत्रीकडे पाहून ती इतकी वर बघते आहे असे वाटत नाही. आपल्या छत्र्यांत एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे थाळी दिसते त्यापेक्षा साधारण २५ अंश वर ‘बघते’. बऱ्याच छत्र्यांच्या मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतात, त्यात हा फरक धरलेला असतो. तिथे ६० च्या खुणेपासून सुरुवात करा.

पहिली गोष्ट, खांब ओळंब्यात आहे का ते बघा. गवंड्याचा ओळंबा नसेल तर दोरीला नट बांधून दोन बाजूंनी तपासा. खांब कलला असेल तर पट्टीवरच्या अंशांना काही अर्थ उरत नाही. मोबाइलमधल्या होकायंत्राने दिशा घेणार असाल तर लोखंडी खांबापासून पाच-सहा फूट लांब उभे राहून घ्या. खांबाला चिकटून घेतलेली दिशा सरळ चुकते.

आता बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे पान उघडा आणि घरातल्या कोणाला तरी आकडे ओरडून सांगायला बसवा. तिथे दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथकडे बघायचे नाही. छत्री आंब्याच्या झाडाकडे वळवली तरी स्ट्रेंथ भरलेली दिसू शकते, कारण एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही तिथे मोजला जातो. खरी ती क्वालिटी. बोल्ट अर्धवट सैल करून छत्री आधी डावी-उजवी, मग वर-खाली अगदी केसभर हलवा. ६० सेंटिमीटरच्या थाळीचा काठ वर-खाली झुकताना जेमतेम ८ मिलिमीटर सरकला तरी सिग्नल निम्म्यावर येतो. उन्हात निम्म्या सिग्नलवरही चित्र निभावते. पावसाचे थेंब या लहरी शोषतात आणि विखुरतात, तेव्हा निभावणे संपते. क्वालिटी सर्वाधिक झाली की एलएनबी पकडीतच थोडा थोडा फिरवून बघा, आणखी वाढली तर तिथेच आवळा. बोल्ट आवळताना छत्री पुन्हा सरकते, म्हणून शेवटच्या फेऱ्याला आकडे परत विचारा.

रोख बरोबर असूनही त्रास होत असेल तर वायरीच्या टोकाला असलेला पितळी रंगाचा एफ कनेक्टर उघडा. मधली तांब्याची तार कनेक्टरच्या काठाबाहेर २ ते ३ मिलिमीटर आलेली हवी आणि जाळीचा एकही केस तिला टेकलेला नको. जाळी हिरवट किंवा काळी पडली असेल तर आत पाणी गेले आहे. तेवढे टोक कापून भागत नाही. पाणी वायरीतून खाली उतरते, म्हणून बऱ्याचदा पूर्ण वायर बदलावी लागते. आरजी-६ घ्या, बारीक आरजी-५९ नको. एलएनबीतून निघाल्यावर वायरीला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. कनेक्टरवर रबर टेप ताणून गुंडाळा. एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी उन्हाने तडकली असेल तर एलएनबी बदलायचाच. बसवणाऱ्याचे म्हणणे तेवढ्याच बाबतीत खरे.

एवढे करूनही कोयना खोऱ्यातल्या पावसात ६० सेंटिमीटरची छत्री कधी कधी अपुरीच पडते. ९० सेंटिमीटरच्या छत्रीचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असते. तेवढी शिल्लक पाटण, महाबळेश्वर, शिराळ्याच्या पश्चिम भागात कामाला येते. विटा-जतकडे तिचे काही काम नाही, उलट वाऱ्यात मोठी छत्री लवकर हलते. झाडाचाही हिशोब सोपा आहे. आग्नेयेला असलेले झाड छत्रीपेक्षा जितके फूट उंच, त्याच्या ०.६ पट तरी अंतर हवे. २० फूट उंच फांदी १२ फुटांच्या आत असेल तर ती आड येते, आणि पावसात ओली पाने जास्तच आड येतात. माकडांसाठी मात्र कुठलाही आकडा नाही. गच्चीवर त्यांचा राबता असेल तर खांबाला दोन तिरपे आधार द्या.

कोरेगावहून एक वाचक: दर वर्षी एप्रिलमध्ये आमच्या फ्री डिशवरच्या काही वाहिन्या जातात. बॉक्स खराब झालाय का?

उत्तर: नाही. फ्री डिशवर खासगी वाहिन्यांना जागा लिलावाने मिळते आणि त्या जागांचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे धरतात. ज्या वाहिनीने जागा घेतली नाही ती जाते, नवी येते, काहींचे स्थान बदलते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बॉक्सवर ‘ऑटो स्कॅन’ करा. जुना एमपीईजी-२ बॉक्स असेल तर दूरदर्शनच्या एचडी वाहिन्या स्कॅन करूनही दिसणार नाहीत, त्यासाठी एमपीईजी-४ चा एचडी बॉक्स लागतो.

नवा टीव्ही घ्यायचाच असेल तर मागची सॉकेट बघून घ्या. काही टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. अशा टीव्हींसाठी आयएस १८११२:२०२२ हे भारतीय मानकही आहे. अँटेनाची सॉकेट बाहेरून गुळगुळीत असते, उपग्रहाची आट्यांची असते. आट्यांची सॉकेट आणि माहितीपत्रकात ‘डीव्हीबी-एस२’ असे दोन्ही असेल तर खुल्या वाहिन्या बॉक्सशिवाय थेट टीव्हीवर दिसतात आणि एक रिमोट वाचतो. गच्चीवरचा काट्यांचा जुना अँटेना मात्र उतरवून टाका. दूरदर्शनने २०१६ मध्ये १६ शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केले, त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद होती. सातारा-सांगलीचे नाव त्या यादीत नव्हते.

कराडहून एक वाचक: ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. केबलचं चित्र आमच्या जुन्या २१ इंची डब्यापेक्षा वाईट दिसतं. चेहरे मेणाचे वाटतात. आई म्हणते जुनाच बरा होता. टीव्ही बदलून मागावा का?

उत्तर: आईंचे डोळे बरोबर सांगताहेत आणि टीव्हीतही दोष नाही. साध्या, म्हणजे एसडी वाहिनीच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. बरोबर २० पट. केबलवरून आलेल्या एका ठिपक्यातून टीव्हीला २० ठिपके रंगवावे लागतात, त्यातले १९ अंदाजाने. २१ इंची काचेच्या पडद्यावर हा अंदाज करावाच लागत नव्हता, शिवाय कडा थोड्या विरघळून दिसत, त्यात दोष लपत. एचडी वाहिनीत एसडीच्या पाच पट ठिपके असतात, तेव्हा फरक तिथे पडेल. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी आवृत्त्या आहेत. केबलवाल्याला दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: बॉक्स एचडी आहे का, आणि आपल्या पॅकमध्ये एचडी वाहिन्या आहेत का. बॉक्स एचडी आणि पॅक साधा अशी घरे भरपूर आहेत.

त्याआधी टीव्हीच्या मागे हात घालून बघा. पिवळी-पांढरी-लाल वायर लागलेली असेल तर एचडी बॉक्सचाही उपयोग नाही, त्या पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही. एचडीएमआय वायर लावा, बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०आय करा. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘व्हिव्हिड’ सोडून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ घ्या, शार्पनेस ५० वर असेल तर १० च्या खाली आणा. मेणाचे चेहरे बहुधा आवाज-कमी करणाऱ्या सेटिंगमुळे होतात. इथे आवाज म्हणजे चित्रातली खरखर. ‘नॉइज रिडक्शन’ कमीवर ठेवा. चेहरे रुंद, माणसे बुटकी दिसत असतील तर एसडी वाहिनीचे ४:३ चित्र ताणले जाते आहे. बॉक्समध्ये ‘४:३’ किंवा ‘पिलर बॉक्स’ निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या.

फोर-केबद्दल आमचे मत थोडे कडवट आहे. ४३ इंची पडद्याची उंची साधारण ५३ सेंटिमीटर. चांगल्या नजरेच्या माणसालाही त्या उंचीच्या तिप्पट अंतरापलीकडून, म्हणजे सव्वापाच फुटांपलीकडून, फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक फारसा कळत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पलंगावरून टीव्ही आठ फुटांवर असतो. तिथे ४३ इंची टीव्हीसाठी फोर-केचे जादा पैसे बातम्या आणि मालिकांसाठी वाया जातात.

सांगलीहून एक वाचक: मुलासाठी पीएस५ (टीव्हीला लावायचे प्लेस्टेशन गेम-यंत्र) घेतला. दुकानात ‘१२० हर्ट्झ गेमिंग टीव्ही’ म्हणून सांगितलं, पण मुलगा म्हणतो ६० च दिसतं. क्रिकेटच्या गेममध्ये बॅट उशिरा फिरते असंही म्हणतो. सोबत आलेली केबल बदलावी का? दुकानात तीन हजारांची केबल दाखवली.

उत्तर: तीन हजारांची केबल परत ठेवायला सांगा. पीएस५ च्या खोक्यात आलेली केबल ४८ गिगाबिटच्या दर्जाची असते, ती पुरते. ती हरवली असेल तर खोक्यावर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ आणि क्यूआर कोडची होलोग्राम चिठ्ठी असलेली २ मीटरची घ्या. केबल वाईट असेल तर चित्रावर पांढऱ्या ठिणग्या उडतात किंवा दोन-तीन सेकंद पडदा काळा होतो. तुमच्याकडे तसे होत नसेल तर केबल निर्दोष आहे.

प्रश्न दोन आहेत, ते वेगळे ठेवा. १२० चा प्रश्न पडद्याचा आणि वाटेचा आहे. टीव्हीच्या खोक्यावरचे ‘मोशन १२०’, ‘मोशन २४०’ हे शब्द पडद्याचा वेग सांगत नाहीत, टीव्ही मध्ये घालत असलेल्या बनावट चित्रांची ती जाहिरात असते. मॉडेल क्रमांक कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा आणि ‘रिफ्रेश रेट’ किंवा ‘नेटिव्ह’ पुढचा आकडा बघा. तिथे ५० किंवा ६० असेल तर पुढचे सगळे वाचायची गरज नाही, हा टीव्ही फोर-के १२० दाखवणार नाही. ‘एचडीएमआय २.१’ या शब्दावरही विसंबू नका. त्या क्रमांकाखाली सगळ्या सोयी द्यायलाच हव्यात असे बंधन नाही. विचारायचे ते असे: ‘फोर-केला १२० हर्ट्झ घेते का, व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलणे) आहे का, एएलएलएम (गेम मोड आपोआप लागणे) आहे का, आणि कोणत्या सॉकेटवर?’

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. चार सॉकेट असलेल्या टीव्हीत बहुधा दोनच पूर्ण वेगाच्या असतात, शेजारी बारीक अक्षरांत ‘४के १२०’ लिहिलेले असते. कधी त्यातलीच एक ‘ईएआरसी’ (टीव्हीचा आवाज बाहेर देणारी सॉकेट) म्हणून साउंडबारला द्यावी लागते. तसे असेल तर साउंडबार तिथे, पीएस५ दुसऱ्या पूर्ण वेगाच्या सॉकेटला, आणि केबलचा बॉक्स उरलेल्या साध्या सॉकेटला लावा. बॉक्सला त्याहून जास्त काही लागत नाही.

मग टीव्हीत त्या सॉकेटची पूर्ण क्षमता उघडावी लागते. कारखान्यातून ती बऱ्याचदा बंद येते. एलजीमध्ये ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, सोनीमध्ये ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ अशा नावांखाली शोधा. यानंतर पीएस५ वर सेटिंग्ज, ‘स्क्रीन अँड व्हिडिओ’, ‘व्हिडिओ आउटपुट’ असे जा आणि ‘१२० हर्ट्झ आउटपुट’ ऑटोमॅटिकवर ठेवा. आणखी एक सेटिंग लोक विसरतात: ‘सेव्ह्ड डेटा अँड गेम सेटिंग्ज’मध्ये ‘गेम प्रीसेट्स’ आहे, तिथे ‘परफॉर्मन्स मोड’ निवडा. ‘रिझोल्यूशन मोड’ असेल तर गेम ठिपके वाढवते आणि वेग सोडते. एवढे करूनही गेमच ६० चा असेल तर ६० च दिसणार. १२० देणारे गेम मोजके आहेत, मुलाच्या हट्टापायी टीव्ही बदलण्याआधी तो कोणते गेम खेळतो ते विचारा.

उशिरा फिरणाऱ्या बॅटचा प्रश्न वेगळा आणि फुकट सुटणारा आहे. टीव्ही आलेले चित्र थेट दाखवत नाही. गुळगुळीत करतो, खरखर काढतो, मध्ये चित्रे घालतो, आणि त्यात साधारण ८० ते १०० मिलिसेकंद जातात. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचे, म्हणजे मुलगा पाच-सहा चित्रे मागचा चेंडू बघून बॅट फिरवतो. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू खऱ्या खेळपट्टीवरही अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापर्यंत येतो, त्यातला पाचवा हिस्सा टीव्हीनेच खाल्ला. टीव्हीत त्या सॉकेटसाठी ‘गेम मोड’ चालू करा. एएलएलएम असेल तर तो आपोआप लागतो. उशीर १०-२० मिलिसेकंदांवर येतो. चित्र थोडे फिके वाटेल, रंग गेम मोडमध्येच पुन्हा जुळवा. वायरलेस हेडफोन टीव्हीला ब्लूटूथने जोडलेला असेल तर आवाज तरीही मागे राहील, तो पीएस५ च्या कंट्रोलरच्या भोकात वायरीने लावा.

मिरजेहून एक वाचक: घरात जुना कॅसेटवाला टीव्ही गेम आणि पीएस२ आहे. नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल भोकंच नाहीत. ‘एव्ही इन’ लिहिलेलं एक बारीक गोल भोक आहे. हेडफोनसारख्या पिनेची वायर आणली तर चित्राऐवजी घरघर येते. बदक मारायची बंदूकही चालत नाही.

उत्तर: ते भोक ३.५ मिलिमीटरचे आहे. त्यात जाणाऱ्या पिनेवर तीन काळ्या कड्या आणि चार धातूचे तुकडे असतात: दोन आवाजांचे, एक चित्राचा, एक अर्थचा. कोणता तुकडा कशाचा याचा क्रम सगळ्यांनी सारखा ठेवलेला नाही. कॅमेऱ्याची, मोबाइलची, टीव्हीची वायर दिसायला एक, आतून वेगळी. आधी फुकटचा उपाय: गेमची पिवळी पिन वायरीच्या पिवळ्या टोकाऐवजी लाल, मग पांढऱ्या टोकात घालून बघा. चित्र आले तर फक्त रंगांची अदलाबदल होती, बाकी दोन उरलेल्या टोकांत लावा. तिन्हींत घरघरच असेल तर अर्थचा तुकडा चुकतो आहे, ती वायर कामाची नाही. दुकानात जाताना टीव्हीसोबत आलेले पुस्तक न्या, किंवा मीटर असलेल्या माणसाकडून अर्थ टोकापासून तिसऱ्या धातूच्या तुकड्यावर येते की चौथ्या, ते वाजवून घ्या. अगदी टीव्हीच्या कंपनीचीच वायर मिळाली तर प्रश्नच मिटला.

भोकच नसेल तर ‘एव्ही टू एचडीएमआय’ डबी मिळते. नाव नीट वाचा, ‘एचडीएमआय टू एव्ही’ ही उलट्या कामाची डबी हुबेहूब तशीच दिसते आणि ती चुकून आणलेली घरे कमी नाहीत. डबीला यूएसबीचे ५ व्होल्ट द्यावे लागतात. पीएस२ ला ती चालते, थोडा उशीर होतो.

बंदुकीचा नाद सोडा. घोडा दाबला की गेम पडदा क्षणभर काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीतला डोळा त्या पांढऱ्या उजेडाची वाट बघतो, तीही काचेच्या नळीतला किरण रेघेमागून रेघ आखताना येणाऱ्या उजेडाची आणि नेमक्या त्याच क्षणी. एलसीडी पडदा चित्र उशिरा दाखवतो आणि त्याचा उजेड तसा लपलपत नाही. गेम आणि टीव्ही दोन्ही ठीक असून नेम कधीच लागत नाही. ही एक गंमत जपायची असेल तर जुना डबा माळ्यावर ठेवा.

विट्याहून एक वाचक: साउंडबार लावल्यापासून ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. साउंडबारमधलं ‘डिले’ वाढवून पाहिलं तर आणखी बिघडलं.

उत्तर: बिघडणारच. साउंडबार आवाज थांबवून उशिरा वाजवू शकतो, लवकर वाजवू शकत नाही. डिले शून्यावर आणा. ब्लूटूथने जोडला असेल तर तेच कारण आहे, एचडीएमआय वायरीने टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या सॉकेटला जोडा आणि टीव्हीत सीईसी (एचडीएमआयने जोडलेली यंत्रे एकमेकांना चालवतात ती सोय) चालू करा. तरीही मागे राहिला तर टीव्हीच्या डिजिटल आवाजाचा प्रकार ‘पीसीएम’ करा.

वाईहून एक वाचक: वाड्याच्या जुन्या भिंतीवर ५५ इंची टीव्ही टांगता येईल का?

उत्तर: मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत ड्रिल केले की भुकटी येते आणि प्लास्टिकचा गिट्टा फिरत राहतो. अशा भिंतीवर टांगू नका. लाकडी खांबांना आडवी १ इंच जाडीची फळी बोल्टने आवळून तिच्यावर टीव्हीचे ब्रॅकेट बसवता येते. त्याहून सोपे म्हणजे स्टँड. पडद्याचा मध्य बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला यावा, दाराच्या चौकटीला नव्हे.

जतहून एक वाचक: आमच्याकडे लाइट जाते-येते. इन्व्हर्टरवर टीव्ही आणि पीएस५ किती वेळ चालेल? लाइट गेली की पीएस५ बंद पडतो आणि सुरू होताना स्टोरेज दुरुस्त करत बसतो.

उत्तर: १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. बॅटरी तळापर्यंत उतरवायची नसते आणि इन्व्हर्टरही काही खातो, हाती १,२०० धरा. गेम चालू असताना पीएस५ साधारण २०० वॉट घेतो, ४३ इंची टीव्ही ८० आणि राउटर १० धरला तर २९०. नव्या बॅटरीवर चार तास, पंखे लावले तर तीन. चार वर्षांच्या बॅटरीवर हा हिशोब करू नका.

बंद पडण्याचे कारण वेगळे आहे. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे बटण असते. नॉर्मलवर लाइट गेल्यापासून बॅटरी धरेपर्यंत जास्त वेळ जातो, तेवढ्यात पीएस५ मरतो. यूपीएसवर करा. त्यात अडचण अशी की व्होल्टेज १८० च्या खाली गेले की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की तुमच्याकडे व्होल्टेज पडत असेल तर बॅटरी लाइट असतानाच उतरेल. मग पीएस५ पुरता वेगळा छोटा यूपीएस घेणे बरे. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, चौकोनी वेव्हवर साउंडबार गुणगुणतो. आणि पीएस५ ‘रेस्ट मोड’मध्ये ठेवून झोपू नका, पूर्ण बंद करा.

तासगावहून एक वाचक: वळिवाच्या गडगडाटात टीव्हीची एचडीएमआय सॉकेट जळाली. टीव्ही मुख्य बटणातून बंद होता. स्टॅबिलायझर असता तर वाचला असता का?

उत्तर: नसता. वीज छत्रीच्या किंवा केबलच्या वायरीतून बॉक्सात, तिथून एचडीएमआयमधून टीव्हीत येते, लाइटच्या बटणाशी तिचा संबंध नाही. गडगडाट सुरू होण्याआधी प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढा. गडगडाट डोक्यावर आल्यावर वायरीला हात लावू नका. छत्रीच्या खांबाला जाड तांब्याच्या तारेने अर्थिंग करून घ्या.

स्टॅबिलायझर कमी व्होल्टेजसाठी लागत नाही. टीव्हीच्या पाठीवर ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिले असेल तर तो १५० वरही चालतो. भीती जास्त व्होल्टेजची आहे: खांबावरची न्यूट्रल तुटली तर घरात ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. त्यासाठी २७० च्या वर गेल्यावर लाइट तोडणारे ओव्हर-व्होल्टेज कटऑफ मीटरजवळ बसवा.

गडगडाट नसतानाही सॉकेट जळते. दोन पिनांच्या प्लगवाल्या बॉक्सच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ती गळती एचडीएमआय खोचताना सॉकेटच्या बारीक पिनांतून जाते. वायर लावताना-काढताना टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचे प्लग काढून ठेवा. रिमोटने बंद केलेला टीव्ही बंद नसतो.

इस्लामपूरहून एक वाचक: मोबाइलवरचे गेम मोठ्या पडद्यावर खेळायचे आहेत. ‘टाइप-सी टू एचडीएमआय’ वायर घेतली, काहीच दिसत नाही.

उत्तर: फोनच्या टाइप-सी सॉकेटमधून चित्र बाहेर पडायला फोनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट’ची सोय लागते. स्वस्त आणि मध्यम फोनांत ती बहुधा नसते, सॉकेट फक्त चार्जिंग आणि फाइलींसाठी असते. फोनच्या माहितीपत्रकात ‘यूएसबी २.०’ लिहिले असेल तर वायर परत करा. वायफायवरून ‘कास्ट’ केले तर चित्र दिसेल, पण बोट इथे आणि गाडी तिथे अशी गत होते. बुद्धिबळाला चालेल, शर्यतीला नाही.

फलटणहून एक वाचक: जुना २९ इंची काचेचा टीव्ही भंगारवाला शंभर रुपयांना मागतो. द्यावा का?

उत्तर: तो तांबे काढून घेईल आणि काच ओढ्याला टाकेल. त्या काचेत शिसे असते. टीव्ही विकणारे मोठे दुकानदार नवा घेताना जुना घेतात. तसे नसेल तर अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत जुन्या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी कंपन्यांवर टाकलेली आहे. तोवर ठेवायचा तर कोरड्या जागी, पडदा भिंतीकडे करून ठेवा. मागचे झाकण उघडू नका, पडद्याच्या नळीवर हजारो व्होल्टचा भार प्लग काढल्यावरही बराच वेळ राहतो. मागची आवरणपट्टी तुटली असेल तर उचलताना बोटे तिच्यात जाणार नाहीत असा, दोघांनी मिळून उचला. वजन सगळे पुढच्या काचेत असते.